तुडवणीचा ठेका

मालूला चौथ्यांदा दिवस गेले तेव्हा त्याचं कौतुक करायला घरात कुणाला सवड नव्हती. तिला स्वतःलाही नव्हती. थोरली कुमुद आठ वर्षांची, मधला प्रणित पाचाचा, धाकटी अजून कडेवरून उतरायला तयार नाही. भाताची लावणी चालू होती. मालूने नवऱ्याला सांगितलं, लावणी उरकली की पनवेलला जाऊन खाली करून येते. शिवा गुडघाभर चिखलात उभा होता. तो म्हणाला, बरं. शिवा कशालाही बरं म्हणायचा. लग्नाच्या वेळी मुलगी कशी वाटली विचारलं तेव्हाही तो बरंच म्हणाला होता.

घर एकच होतं, मध्ये एक कुडाची भिंत घालून त्याची दोन केली होती. पलीकडे थोरला भाऊ रामू आणि त्याची बायको शांती. रामू पळस्प्याच्या नाक्यावर ट्रकांच्या गॅरेजात कामाला होता. शांती पाटीत सुकट-बोंबील घेऊन नवीन पनवेलच्या वसाहतीत विकायला जायची. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी त्यांच्या घरात पाळणा हलला नव्हता. शांतीच्या पायात चप्पल असायची. वाड्यातल्या बायकांत चप्पल घालणारी ती एकटीच. मिठागरात कधी न उतरल्यामुळे तिचे पाय गोरे, मऊ राहिले होते आणि ती त्यांना जपायची.

भिंतीला कान असतात म्हणतात. या भिंतीला तोंडही होतं. खाली करण्याची गोष्ट संध्याकाळच्या आत पलीकडे पोचली. मालू मागीलदारी खाडीच्या चिखलातले मासे, निवट्या, राखेत घोळून साफ करत बसली होती. शांती येऊन समोर बसली. बराच वेळ तिने एकेक निवटी मालूच्या हाताशी सरकवली. मग म्हणाली, "पाडू नको. मना दे."

मालूने वर पाहिलं. शांतीचं तोंड पांढरं पडलं होतं. मालूला तिची कीव आली, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही झालं. पनवेलची खेप वाचली, अंगावरचा कापाकापीचा धोका वाचला.

"घे," ती म्हणाली. रोपाची जुडी शेजारणीच्या हातात द्यावी, इतक्या सहज म्हणाली.

सासू कमळाबाईने त्या शब्दाला गाठ मारली. म्हातारीने देवापुढे ताटलीत मूठभर मीठ ठेवलं आणि दोन्ही सुनांना त्यावर हात ठेवायला लावले. मिठावर दिलेला शब्द मोडला तर घराचं मीठ पिकत नाही, असं ती म्हणाली. मिठागर होतं मुंबईच्या शेठचं, तेव्हा नुकसान झालं असतं तर त्याचंच. पण हे तिला सांगणार कोण?

दसरा झाला आणि मिठागराचं काम सुरू झालं. पावसाळ्यात वाफ्यांचा तळ भुसभुशीत होतो. तो दगडासारखा घट्ट झाल्याशिवाय खाडीचं पाणी आत घेता येत नाही, घेतलं तर मिठात चिखल येतो. त्यासाठी ओल्या तळावर माणसं ओळीने उभी राहतात आणि अनवाणी पायांनी तळ तुडवतात. तीन पावलं जागच्या जागी, चौथं पुढे. आधी टाच, मग पंजा. सकाळी ऊन कोवळं असताना सुरू करायचं ते डोक्यावर येईपर्यंत. ओळीतल्या एकाने ठेका द्यायचा असतो, नाहीतर पावलं विस्कटतात आणि तळाला खळगे पडतात. गेली सहा वर्षं मालू ठेका देत होती. मुकादम कुणाला बरं म्हणायचा नाही, पण मालू माहेरी बेलपाड्याला गेली की त्याचा चेहरा पडायचा.

सहावा महिना लागला होता. मालूने पोटाकडे लक्ष दिलं नव्हतं. दुसऱ्याची ठेव आहे, सांभाळायची आणि द्यायची, एवढंच तिने मनाशी धरलं होतं. एक दिवस दुपारी तुडवणी थांबली, बायका बांधावर भाकरी सोडून बसल्या आणि मालूच्या बरगडीखाली धडाधड लाथा बसू लागल्या. भाकरी खाणं मुश्कील झालं. ती उठून उभी राहिली. गंमत म्हणून बांधावरच चार पावलं तुडवली. लाथा थांबल्या. ती बसली. लाथा पुन्हा सुरू. मग तिने बसल्या बसल्याच टाच आपटली. तीन जागच्या जागी, एक जोरात. पोटातलं निपचित झालं.

तिने इकडेतिकडे पाहिलं. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिन्ही पोरांच्या वेळी असं काही झालं नव्हतं, की झालं होतं आणि तिला कळायला फुरसत मिळाली नव्हती, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा करून पाहिलं. तिसऱ्या दिवशीही. पाऊल थांबलं की ते रागवायचं, पाऊल पडलं की समजूत पटायची. मालूला मनापासून हसू आलं. त्या दिवसापासून ती तुडवायला उतरली की मनात म्हणायची, चल गं, किंवा चल रे, जे असशील ते.

इकडे शांतीने वेगळंच काढलं. वसाहतीतल्या एका मास्तरीणबाईंनी तिला सांगितलं होतं की पोटातल्या मुलाला ऐकू येतं. त्याच्याशी रोज बोलावं, म्हणजे जन्मल्यावर ते आवाज ओळखतं. त्या बाईंना स्वतःला सहावा होता आणि त्या रोज संध्याकाळी पोटावर हात ठेवून पुस्तकातले श्लोक म्हणायच्या. शांतीला श्लोक कुठून येणार? पण बोलायला ती कुणाला हार जाणारी नव्हती. रोज पाटी रिकामी झाली की ती घरी न जाता थेट मिठागरावर यायची, चपला बांधाच्या कडेला जोडीने काढून ठेवायची, मालूच्या शेजारी बसायची आणि तिच्या पोटाला तोंड लावून बोलायची. आज बोंबील काय भावाने गेले, कोणत्या बाईने घासाघीस केली, रामूने पाळण्यासाठी कुठलं लाकूड पाहून ठेवलं. एकदा ती रामूचा ट्रान्झिस्टर घेऊन आली आणि पोटावर ठेवून कामगारसभा लावली. बायका हसून हसून लोळल्या.

मालूही हसली. पण शांती दर वेळी सुरुवात एकाच वाक्याने करायची. "कसा हायस रं सोन्या? आई आली बग." ते वाक्य आलं की मालूचं हसणं विरायचं. आपण माणूस नसून खोका आहोत आणि दोघं आपल्या अंगावरून एकमेकांशी बोलताहेत, असं तिला वाटायचं. आणि आई हा शब्द तिला टाचेच्या भेगेत खारं पाणी शिरावं तसा झोंबायचा.

तेव्हा तिने ते केलं. शांती हात ठेवायची, डोळे मिटून लाथेची वाट बघायची, आणि मालू लुगड्याच्या आड पायाचा आंगठा हळूच चिखलात दाबायची. तीन जागच्या जागी, एक जोरात. पोटातलं शांत पडून राहायचं.

"हलत नाय," शांती म्हणायची.

"निजलं असंल," मालू म्हणायची.

एकदा केलं, मग रोजचंच झालं. चोरी म्हणावी तर घेतलं काहीच नव्हतं. पण शांती उठून जाताना तिचा पडलेला चेहरा पाहून मालूला आधी बरं वाटायचं आणि मग स्वतःची लाज वाटायची. शांतीची पाठ वळली की ती पाय थांबवायची आणि लाथा मोजत बसायची.

सातव्यात ओटी भरायची होती. कमळाबाईने त्यात नवीनच रीत काढली. दोन पाट शेजारी शेजारी मांडले. एकावर मालू, एकावर शांती. शांतीने रामूने आणलेलं हिरवं पातळ नेसलं होतं. मालूला सासूने आपलंच जुनं हिरवं लुगडं काढून दिलं. सगळ्या बायकांनी आधी मालूची ओटी भरली. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, केळी. मग म्हातारी म्हणाली की आता उठ आणि पदरातलं सगळं शांतीच्या पदरात रितं कर.

मालू उठली. पाटावर तिचे पाय उघडे पडले. मिठाने खाल्लेले, टाचा तडकलेल्या, नखं काळी. शेजारच्या पाटावर शांतीचे पाय, आळता लावलेले. बायकांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. मालूने पदर सोडला. नारळ आधी पडला, मग तांदूळ. एक केळं पदराला अडकलं होतं, ते शांतीने हात पुढे करून काढून घेतलं. कुणीतरी गाणं धरलं म्हणून बरं झालं. मालूला रडू आलं होतं आणि ते गाण्यात झाकून गेलं.

अमावास्येच्या उधाणाला खाडीच्या बाजूचा बांध फुटला. तुडवून घट्ट केलेल्या अकरा वाफ्यांत गाळ येऊन बसला. चार दिवस पुरुषांनी बांध घातला आणि मग सगळी तुडवणी पहिल्यापासून. मालूला आठवा संपत आला होता. कमळाबाई म्हणाली की आता घरी बस. मुकादम स्वतः दारात येऊन उभा राहिला. चालायला नको, नुसती काठाला उभी राहून ठेका दे, म्हणाला. मालू गेली. काठाला उभी राहिली नाही, ओळीत उतरली. ओळीत उतरल्याशिवाय ठेका देता येत नाही, असं तिने त्याला सांगितलं. खरं कारण ते नव्हतं. घरी बसलं तर पाऊल थांबेल आणि पोटातल्याशी तिचं दुसरं काही बोलणंच नव्हतं.

त्याच दिवसांत एकदा शांती बांधावर आली ती अनवाणी. पाटीच्या वजनाने टाचांना फोड आले होते, एक फुटून त्यात माती गेली होती. बायकांनी विचारलं, चप्पल तुटली का? शांतीने मानेनेच नाही म्हटलं. मग ती मालूजवळ बसून हलक्या आवाजात म्हणाली, "दोन महिने बोलतंय मी. एकदा पन हललं नाय. पोर बहिरं हाय गं मालू. एकविरेला बोललंय, माजा आवाज वळखंपर्यंत पायात वहान घालनार नाय."

आणि तिने नेहमीसारखा हात ठेवला.

मालूने आंगठा उचलला होता, तो तसाच धरून ठेवला. आज हलू दे, असं तिने ठरवलं. पण सकाळपासून तुडवून तुडवून ते बिचारं खरंच निजलं होतं. शांती वाट पाहून उठली आणि लंगडत बांधावरून गेली. मालूला सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. पण काय सांगणार? तुझं पोर चांगलं ऐकतं, फक्त मी ऐकू देत नाही?

त्या दिवशी संध्याकाळी तिने शिवाला सांगितलं. तो विळ्याला धार लावत होता.

"मना नाय द्यायचा पोर."

मालूला वाटलं, हा बरं म्हणेल. आयुष्यभर ज्याला त्याला बरं म्हटलं, आता एकदा आपल्यासाठी म्हणेल. शिवाने आंगठ्याने धार पाहिली, विळा खाली ठेवला आणि म्हणाला, "दादूसनी पालना केलाय. त्याला मी काय सांगू?"

भिंतीपलीकडे रंधा चालल्याचा आवाज येत होता.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मालू बाळंत झाली. मुलगी. सुईण नाळ कापत होती आणि पोरीने असा टाहो फोडला की वाड्यातली कुत्री उठली. शांती दाराबाहेर अनवाणी उभी होती. मुकी नाही एवढं कळलं, म्हणून ती भिंतीला टेकून रडली. म्हातारीने ठरवलं की सव्वा महिना पोर आईच्या अंगावर पिईल, मग जिकडची तिकडे. बारशाला शांतीनेच नाव ठेवलं. प्राची. मास्तरीणबाईंच्या पुस्तकातलं होतं.

तो सव्वा महिना मालूने कसा काढला हे तिने कुणाला सांगितलं नाही. शेकशेगडी, डिंक, आळीव सगळं यथासांग झालं. पोर रडलं की शांती भिंतीपलीकडून धावत यायची, आणि तिच्यादेखत मालू काही करायची नाही. शांती गेली की बाजेवरून पाय खाली सोडून जमिनीवर ठेका द्यायची. पोर हुंदका गिळून गप्प व्हायचं आणि आढ्याकडे टकामका बघायचं. आपण हिला सवय लावतोय, पुढे हिलाच जड जाईल, हे मालूला कळत होतं. कळत असून ती करत होती.

सव्वा महिना झाला. म्हातारीने पुन्हा ताटलीत मीठ ठेवलं. मालूने पोर दुपट्यासकट शांतीच्या हातात दिलं आणि दुसऱ्या दिवशी मिठागरावर गेली. मीठ पिकलं होतं. आता तुडवणी नव्हती, मीठ ओढायचं आणि पाट्यांनी वाहायचं. डोक्यावरच्या पाटीतून खारं पाणी निथळायचं आणि छातीतून दूध. चोळी पुढून ओली, मागून ओली. बरोबरच्या बायका सगळं समजून होत्या. त्या नजर वळवून मिठाच्या राशीकडे बघायच्या.

पलीकडे पोर रडत होतं. पहिल्या दिवशी रडलं, दुसऱ्या दिवशी रडलं. बाटली तोंडात घ्यायचं आणि ओकून टाकायचं. रामूने गॅरेजात खाडा केला. शांतीने धंदा बंद केला. तिने दृष्ट काढली, भंडारा लावला, पाळण्याला झोके दिले, खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घातल्या आणि सारखी बोलत राहिली. पोटातल्याशी बोलायची तेच सगळं. सोन्या, आई आली बग. पोर त्या आवाजाने जास्तच बिथरायचं. कमळाबाई मालूला म्हणाली की तू तिकडे फिरकू नकोस, दोन दिवसांत पोर विसरेल. मालू फिरकली नाही. कानात चोळीची चिंधी कोंबून तिने स्वयंपाक केला.

तिसऱ्या दिवशी दुपार कलताना मालू मिठागरावरून आली, तेव्हा शांती तिच्याच उंबऱ्यावर बसली होती. मांडीवर पोर. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. शांतीचे केस सुटलेले, तीन दिवसांत डोळे खोल गेलेले. तिने पोर मालूपुढे धरलं.

"घे तुजं. मरंल ती माज्याकडं. मी देवीची कोन लागतंय, मना काय पोर नाय फळायचं."

मालूचे हात पुढे झाले. ज्याची तीन महिने इच्छा केली, ते न मागता दारात आलं होतं. शब्द तिने मोडला नव्हता, समोरचीनेच परत केला होता. दीर काही म्हणाला नसता, मिठालाही बोल लागला नसता. घ्यायचं आणि आत जायचं, एवढंच उरलं होतं.

तिची नजर खाली गेली. शांतीचे पाय उंबऱ्यावर होते. टाचांना भेगा पडल्या होत्या, खोल, कडा काळ्या झालेल्या. मालूच्या पायांसारखे पाय. अजून अनवाणीच होती ती. नवस फिटला नव्हता, कसा फिटणार?

"उठ," मालू म्हणाली. "तिला खांद्याला लाव. उभी ऱ्हा."

शांती न समजून उभी राहिली.

"टाच आदी टेक. मंग पंजा. तीनदा जाग्यावर, चवथं पुढं. जोर लाव, खालची माती दबली पायजे."

शांतीला जमेना. पाऊल नाजूक पडायचं, तिसरं आणि चौथं एकच व्हायचं. पोर कुथत होतं. मालूने तिच्यासमोर उभं राहून आपली पावलं टाकायला सुरुवात केली. पोराने मान वळवली, मालूकडे. मालू थबकली. मग ती वळसा घालून शांतीच्या पाठीमागे गेली, पोराला दिसणार नाही अशी वाकून. तिने शांतीच्या कमरेला दोन्ही हातांनी धरलं आणि तोंडाने हळूहळू मोजू लागली. एक, दोन, तीन, हां. एक, दोन, तीन, हां. दहा-बारा वेळा चुकलं. मग शांतीची टाच नीट बसली. ओसरीची जमीन धपधपू लागली. पोराचं कुथणं थांबलं. त्याने एक मोठा हुंदका घेतला आणि शांतीच्या मानेत तोंड घातलं.

शांतीला पाऊल थांबवायची भीती वाटत होती. तुडवत तुडवतच तिने विचारलं, "हे तुला कवापासून म्हाईत?"

"दसऱ्यापासून. बहिरी नव्हती ती. तू हात ठेवायचीस तवा मी आंगठा दाबायची. मीच हलू दिली नाय."

शांतीची पाठ ताठ झाली. एक पाऊल चुकलं. तिने मागे वळून पाहिलं असतं तर मालूला बरं झालं असतं. चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. पण शांतीने चुकलेलं पाऊल सावरलं, पुन्हा टाच टेकली आणि पोराला घेऊन तशीच तुडवत भिंतीच्या पलीकडच्या दारात शिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या दारात शांतीच्या चपलांचा जोड धूळ पुसून नीट लावून ठेवलेला होता.

त्या संध्याकाळी मालू चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. शिवा मीठ वाहून आला होता आणि पोरं ताटं घेऊन बसली होती. पलीकडचं तान्हं पोर एकदा किंचाळलं आणि लगेच भिंतीपलीकडून पावलांचा आवाज सुरू झाला. तीन जागच्या जागी, चौथं पुढे. एकही पाऊल चुकत नव्हतं. मालूचा उजवा पाय आपोआप हलू लागला. तिने तो मांडीखाली घेतला, वर आपला सगळा भार दिला आणि तव्यावरची भाकरी उलटली.